अनुदान हाती येईपर्यंत

गेल्या पर्युषणानंतर क्षमापनेच्या निमित्ताने एका स्नेह्यांचा मुलगा घरी आला होता. खमतखामणा झाला, चहापाणी झाले, तरी तो दारात घुटमळत होता. अखेर पिशवीतून एक जाडजूड, बाइंडिंग केलेला प्रकल्प अहवाल काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. ‘‘काका, एकदा नजर टाका. बँकेत द्यायच्या आधी तुम्ही पाहावे असे आजीचे म्हणणे आहे.’’

घराणे परिचयाचे. मराठवाड्यातील एका बाजारपेठेत तीन पिढ्यांचे शेतीपंप आणि पाइपांचे दुकान. आठ वर्षांपूर्वी दुकानाच्या जोडीला पीव्हीसी पाइप तयार करणारा छोटा कारखाना काढला, तो बरा चालतो. आता विस्तार करायचा होता. दोन नव्या एक्स्ट्रूडर लाइन, शेड, वीजजोडणी मिळून प्रकल्प ५ कोटींचा. स्वतःचे दीड कोटी, बँकेचे साडेतीन कोटी. तारण म्हणून कारखान्याबरोबर पेठेतील राहते घर. घर आजीच्या नावावर आहे आणि आजींची सही अजून व्हायची होती.

अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते की शासनाच्या प्रोत्साहन योजनेतून दरवर्षी २७ लाख रुपये मिळणार. मुलगा वाणिज्य पदवीधर, हुशार, मेहनती. त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती : हे २७ लाख आणखी वाढवता येतील का?

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आज याच वळणावर उभी आहेत. दुकानदारीतील नफ्याचे प्रमाण घटते आहे, नवी पिढी उत्पादनाकडे वळू पाहते आहे आणि शासनाची अनुदाने खुणावत आहेत. म्हणून त्या दिवशीचे आमचे बोलणे थोडे विस्ताराने येथे मांडतो.

राज्याने कारखानदाराला हात द्यावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावचा कारखाना ज्या जागेत होता, ती जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी हवी झाली आणि वाढीला लागलेल्या कारखान्याला स्थलांतराची पाळी आली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले, कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ दिला आणि कर्जाऊ मदतही केली. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका स्थानिक सत्तेने जागा काढून घेतली आणि दुसरीने दिली, हा योगायोग मला नेहमी बोलका वाटतो. पुढे ओगले बंधूंचा काचकारखानाही औंध संस्थानातच बहरला. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्यामागे तेथील जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे प्रोत्साहन होते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली आणि पुढे वडिलांच्या नावाने जयसिंगपूर. या पेठांत आपल्या किती घराण्यांची पाळेमुळे आहेत हे वाचकांना सांगायला नको.

आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद. विमानांचा कारखाना काढायचे त्यांनी मनावर घेतले तेव्हा भागीदार म्हणून पुढे आले ते म्हैसूर संस्थान. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, केंद्र सरकारने वालचंदांचा हिस्सा घेऊन कारखान्याचा कारभार ताब्यात घेतला. संस्थानिकाने बोलावले, साम्राज्याने घेतले.

या जुन्या कथांमध्ये एक साम्य आहे. मदत आधी मिळत असे. जमीन हाती येई, रक्कम हाती येई, मग कारखाना उभा राही. संस्थानिक माणसाला पाहून विश्वास टाकत असे. आजचे अनुदान नेमके उलट्या दिशेने चालते. आधी कारखाना उभारा, उत्पादन काढा, विक्री करा, कर भरा, मग त्या कराच्या प्रमाणात काही रक्कम परत मागा. आपण पैसे घालून बसायचे आणि शासन नंतर देणार. हा फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याचा निम्मा अभ्यास झाला असे मी समजतो.

महाराष्ट्रात ही व्यवस्था १९६४ पासून आहे. उद्योग मुंबई, ठाणे, पुणे याच पट्ट्यात दाटू नयेत, मागास भागांत जावेत, हा तिचा हेतू. त्याआधी १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली होती. सामूहिक प्रोत्साहन योजना या नावाने ती पुढे दर काही वर्षांनी नव्याने जाहीर होत गेली : १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९. तालुक्यांची वर्गवारी ठरलेली. ‘अ’ म्हणजे विकसित, मग ब, क, ड आणि ड+. त्याहून मागे असलेले विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग वेगळे. २०१९ च्या योजनेत आकांक्षित जिल्ह्यांचाही विचार झाला. महाराष्ट्रात असे चार जिल्हे आहेत : गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. तालुका जितका मागास, तितके अनुदान मोठे आणि मिळण्याची वर्षेही अधिक.

विक्रीकराच्या काळात हा लाभ दोन प्रकारे मिळे. एक करमाफी, दुसरी कर-स्थगिती. स्थगितीत ग्राहकाकडून गोळा केलेला विक्रीकर कारखानदाराने आपल्याकडेच ठेवायचा आणि काही वर्षांनी हप्त्यांनी शासनाला भरायचा. व्यवहारात ते बिनव्याजी कर्जच असे. बँकेच्या खुर्चीवरून मी पाहिले आहे की या रकमेची हाताला सवय लागते. परतफेडीचे वर्ष उजाडते तेव्हा ते पैसे इमारतीत, गाडीत, कधी लग्नात गेलेले असतात. राज्याराज्यांमध्ये सवलतींची इतकी चढाओढ लागली की अखेर सर्व राज्यांनी मिळून १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना विक्रीकराच्या सवलती देणे थांबवण्याचे ठरवले. त्यानंतरच्या योजनांमध्ये माफीची जागा परताव्याने घेतली. आधी व्हॅट आणि १ जुलै २०१७ नंतर राज्याचा जीएसटी हा त्या परताव्याचा पाया झाला. ‘औद्योगिक विकास अनुदान’ म्हणतात ते हेच. त्याशिवाय वीज शुल्कातून माफी, जमीन व कर्जाच्या दस्तांवरील मुद्रांक शुल्कात सवलत आणि लहान उद्योगांना व्याज अनुदान असे लाभ असतात. व्याज अनुदानात एक खोच आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. २०१३ च्या योजनेत ते वार्षिक ५ टक्क्यांपर्यंत होते, पण त्या वर्षी भरलेल्या वीजबिलाच्या रकमेहून अधिक मिळत नसे. यंत्र बंद, बिल थोडे, तर व्याज अनुदानही थोडे. नियम करणाऱ्याने कारखाना खरोखर चालतो की नाही हे मीटरवर तपासायचे ठरवले होते. मला तो नियम आवडतो.

आता त्या मुलाचे २७ लाख. हा आकडा कसा आला, हे मी त्याला कागदावर मांडायला सांगितले.

विस्तारानंतरची वार्षिक विक्री १५ कोटी. कच्च्या मालाची व इतर करपात्र खरेदी १२ कोटी. उरलेल्या ३ कोटींवर राज्याचा जीएसटी ९ टक्के, म्हणजे २७ लाख. विक्रीवरचा संपूर्ण कर न धरता खरेदीवरील जमा वजा करून निव्वळ कर धरला होता, हे त्याने योग्यच केले होते. कोणता कर मोजायचा, एकूण की निव्वळ, हे प्रत्येक योजनेच्या शासन निर्णयात लिहिलेले असते आणि तेवढ्या एका शब्दाने अनुदानाचा आकडा कितीतरी पटींनी बदलतो.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, ‘‘आज तुझी विक्री किती?’’

‘‘६ कोटी.’’

‘‘मग विस्ताराचे अनुदान जुन्या ६ कोटींवर कसे मिळेल?’’

नवा उद्योग आणि चालू उद्योगाचा विस्तार यांत शासन फरक करते. विस्तार कशाला म्हणावे याची व्याख्या असते. आधीच्या स्थिर भांडवलात ठरावीक टक्क्यांहून अधिक भर पडली पाहिजे आणि उत्पादनक्षमताही त्या मानाने वाढली पाहिजे. लाभ वाढीव भागापुरता. जुन्या उत्पादनाची पातळी आधी निश्चित होते आणि ती वजा जाते. वाढीव ९ कोटींचा हिशेब केला तेव्हा २७ लाखांचे १६ लाख २० हजार झाले.

दुसरा प्रश्न : ‘‘माल कुठे जातो?’’ कारखाना सीमेजवळ. शंभरातले चाळीस रुपये कर्नाटक आणि तेलंगणातून येणारे. राज्याबाहेरच्या विक्रीवर राज्याचा जीएसटी लागत नाही, एकात्मिक जीएसटी लागतो आणि तो माल जेथे खपतो त्या राज्याच्या वाट्याला जातो. महाराष्ट्राच्या तिजोरीत जे आलेच नाही, ते महाराष्ट्र परत कसे करणार? साठ टक्क्यांचा हिशेब केला. ९ लाख ७२ हजार.

तिसरा प्रश्न विचारताना मलाच थोडे वाईट वाटले. ‘‘यावर आयकर धरलास का?’’

या एका प्रश्नावर न्यायालयांत अनेक वर्षे गेली आहेत. अनुदान ही भांडवली जमा की महसुली? भांडवली असेल तर कर नाही, महसुली असेल तर तो नफ्याचाच भाग. साहनी स्टीलच्या खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन सुरू झाल्यानंतर धंदा चालवण्यासाठी मिळालेले साहाय्य महसुली ठरवले. २००८ साली पोन्नी शुगर्सच्या निकालात अनुदान कोणत्या हेतूने दिले हे निर्णायक मानले गेले. तेथे नव्या वा विस्तारित साखर कारखान्यांनी आपले मुदत कर्ज फेडावे म्हणून ते साहाय्य होते, म्हणून ते भांडवली ठरले. २०१७ मध्ये आपल्या पुण्याच्या चाफळकर ब्रदर्सच्या प्रकरणात बहुपडदा चित्रगृहांना दिलेली करमणूक कराची सवलतही याच कसोटीवर भांडवली ठरली. त्याच वर्षी बालकृष्ण इंडस्ट्रीजच्या प्रकरणात, स्थगित विक्रीकर मुदतीपूर्वी आजच्या मूल्याने फेडून जो फरक राहिला तो करपात्र उत्पन्न नव्हे, असा निकाल लागला. साहनी स्टीलनंतरचे हे तिन्ही निकाल उद्योजकांच्या बाजूचे आणि वकीलमंडळी आजही ते उत्साहाने सांगतात. मात्र २०१५ च्या वित्त अधिनियमाने उत्पन्नाची व्याख्याच रुंद केली. शासनाकडून मिळणारे अनुदान, सवलत, परतावा, सारे उत्पन्नात आले. अपवाद मुख्यत्वे एकच : मालमत्तेच्या किमतीतून जे अनुदान वजा केले जाते ते, आणि तेथेही घसारा कमी मिळतो. कराच्या परताव्याच्या रूपाने दरवर्षी येणारी रक्कम नफ्यात धरूनच चालावे हे बरे. त्यांची खाजगी मर्यादित कंपनी. चौथा भाग कराचा धरला. हातात उरले सव्वासात लाखांच्या आसपास.

२७ लाखांचे सव्वासात लाख. मुलगा काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘‘पण काका, सल्लागाराने तर...’’ सल्लागाराचे शुल्क मंजूर अनुदानाच्या टक्केवारीत होते, हे पुढे बोलण्यातून कळले. त्याला दोष देत नाही. मात्र ज्याची मिळकत आकडा मोठा दिसण्यावर आहे, त्याच्याकडून आकडा तपासून घेऊ नये.

आणि हे सव्वासात लाख तरी कधी? वर्ष संपले पाहिजे, विवरणपत्रे भरली पाहिजेत, मागणीपत्र गेले पाहिजे, तपासणी झाली पाहिजे, मंजुरी आली पाहिजे आणि त्यानंतर अर्थसंकल्पात त्या शीर्षाखाली निधी असला पाहिजे. पात्रता प्रमाणपत्र हा हक्काचा कागद खरा, पण तो धनादेश नव्हे. वस्त्रोद्योगातल्या वाचकांना २०१० चा जून महिना आठवत असेल. यंत्रे आधुनिक करण्यासाठी केंद्राची व्याज परताव्याची योजना १९९९ पासून सुरू होती आणि तिच्या भरवशावर इचलकरंजी, भिवंडी, मालेगावला मागांची खरेदी चालू होती. जूनच्या अखेरीस नवी मंजुरी एकाएकी थांबली, ती एप्रिल २०११ अखेर सुधारित स्वरूपात पुन्हा सुरू झाली. मधल्या दहा महिन्यांत ज्यांची कर्जे मंजूर झाली, ते दोन्ही काठांच्या मधोमध राहिले.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी त्या मुलालाही सांगितली.

नोकरीच्या मधल्या काळात एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. गावात दोन भावांची धान्याची अडत होती. वडिलांनी बैलगाडीच्या काळात थाटलेली, पेठेच्या तोंडाशी, पितळी अक्षरांची पाटी असलेली. धाकट्याने खाद्यतेलाचा छोटा कारखाना चालवून दाखवला होता आणि त्याचा विस्तार करायचा होता. तालुका सवलतीच्या वर्गात बसत होता. प्रस्ताव माझ्याकडे आला. कर्जफेडीच्या क्षमतेचे गुणोत्तर, ज्याला आम्ही डीएससीआर म्हणतो, ते अनुदान वगळून सव्वाच्याही खाली जात होते. अनुदान धरले की दीडच्या वर जात होते. वरिष्ठ कार्यालयाला दीड हवे असे. मी अनुदान धरले. पहिल्याच वर्षापासून धरले. शिफारशीखाली सही माझी.

कारखाना उत्तम चालला, हे आवर्जून सांगतो. तेल चोख होते, भाऊ सरळ होते. केवळ अनुदान वेळेवर आले नाही. पहिल्या वर्षीचे आले नाही, दुसऱ्या वर्षीही आले नाही. मुदत कर्जाचे हप्ते कॅश क्रेडिटमधून जाऊ लागले. बियाणे खरेदीचा हंगाम आला तेव्हा खात्यात ओढायला मर्यादाच उरली नव्हती. माल नाही म्हणून घाणा अर्ध्यावर, घाणा अर्ध्यावर म्हणून हप्ता थकलेला. थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली आणि नियमाप्रमाणे खाते अनुत्पादक झाले. नोटीस माझ्याच शाखेतून गेली. थोरल्या भावाने अडतीचे दुकान विकले आणि एकरकमी भरणा करून खाते नियमित केले. त्या दिवशी तो बँकेत आला, पावती घेतली, ‘‘साहेब, जय जिनेंद्र’’ म्हणाला आणि गेला. एक शब्द वावगा बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

अनुदान आले. पूर्ण आले, एका पैचीही कपात न होता. तोपर्यंत दुकानाची पाटी उतरून आठ महिने झाले होते.

त्या प्रकरणात कोणी लबाडी केली नव्हती. उशीर झाला, एवढेच. पण तो उशीर माझ्या तक्त्यात कुठेही नव्हता आणि तो असायला हवा होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी अनुदान धरून एकही गुणोत्तर काढले नाही. यामुळे काही प्रस्ताव अडले, काही जण नाराज झाले, दुसऱ्या बँकेत गेले. त्यांच्यातले काही आज मोठे कारखानदार आहेत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

शासनेही आता हात राखून देतात आणि ते एका अर्थी योग्य आहे. वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प २०२२ मध्ये महाराष्ट्राऐवजी गुजरातेत जाणार म्हणून आपल्याकडे किती गदारोळ झाला होता! पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. याच कंपनीने २०१७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३ हजार नोकऱ्यांचे आश्वासन दिले होते. राज्याने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. माउंट प्लेझंट नावाच्या लहानशा गावाने स्वतःच्या शिरावर कर्ज घेऊन जमिनी संपादन केल्या, रस्ते व पाण्याची सोय केली. घरे हलली. २०२१ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा गुंतवणुकीचा आकडा ६७ कोटी २० लाख डॉलरवर, नोकऱ्या १,४५४ वर आणि सवलती ८ कोटी डॉलरवर आल्या होत्या. राज्याचे बरेचसे पैसे वाचले, कारण नोकऱ्या दिसल्याशिवाय द्यायचे नाहीत अशी अट होती. गावाने मात्र आधीच खर्च केला होता. आपल्या दोन भावांप्रमाणेच.

स्थानिक सत्तेचा विषय निघालाच आहे तर ग्रामपंचायतीबद्दल दोन शब्द. एकेकाळी पालिकांची जकात हा कारखानदाराच्या खर्चातला मोठा भाग असे आणि जुन्या योजनांत तिचा परतावाही मिळे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ पासून बहुतेकांसाठी गेला, मुंबईची जकात जीएसटीबरोबर संपली. ग्रामपंचायतीचा कर मात्र आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये अशी तरतूद आहे की कारखान्याने निरनिराळ्या करांऐवजी एकच ठोक रक्कम द्यायची, असा करार पंचायतीशी शासनाच्या संमतीने करता येतो. ही वाट फार कमी लहान कारखानदार चोखाळतात. त्याऐवजी दरवर्षी कर आकारणीवरून वाद, मग रस्त्यावर ट्रक अडवणे, मग कोणाच्या तरी मध्यस्थीने तडजोड. ज्या गावाचे पाणी आपण वापरतो, ज्या गावची मुले आपल्या पाळीवर येतात, त्याच्याशी पहिल्याच वर्षी कागदावर ठरवून टाकलेले बरे. त्या मुलाच्या अहवालात ग्रामपंचायतीचा उल्लेख केवळ ‘ना हरकत’ म्हणून एका ओळीत होता.

आता एक अवघड मुद्दा. आपसांत बोलतो म्हणून स्पष्ट लिहितो. अहवालाच्या शेवटी सल्लागाराची एक सूचना होती : विस्तार न दाखवता सुनेच्या नावाने नवी कंपनी काढावी, शेजारच्याच शेडमध्ये यंत्रे बसवावीत, म्हणजे तो ‘नवा उद्योग’ ठरेल आणि जुने ६ कोटी वजा जाणार नाहीत. शिवाय यंत्राचे दरपत्रक थोडे चढवून घ्यावे, म्हणजे स्वतःचे दीड कोटी प्रत्यक्षात सव्वा कोटींतच भागतील.

स्वतंत्र कंपनी काढणे बेकायदा नाही. खरोखर स्वतंत्र असेल तर जरूर काढावी. पण तेच गिऱ्हाईक, तेच कामगार, तीच वीज आणि तोच मालक असताना केवळ कागद दोन, याला आपल्या परंपरेत शब्द आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे, म्हणजे राज्याने घातलेल्या मर्यादेला वळसा घालून धनप्राप्ती करणे. तत्त्वार्थसूत्राच्या स्वाध्यायात आपण तो शब्द वाचतो आणि पुढे जातो. शास्त्रकारांनी तो चोरीच्याच अतिचारांत घातला, खोट्या वजनमापांच्या शेजारी. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा : तपासणीत संबंध उघड झाला तर प्रमाणपत्र रद्द होते आणि दिलेली रक्कम व्याजासह वसूल होते. ती वसुली यायला पाच-सहा वर्षे लागतात, तोवर पैसा खर्च होऊन गेलेला असतो. चढवलेल्या दरपत्रकाचे तर विचारूच नका. जे सव्वा कोटीचे समाधान वाटते, त्या पंचवीस लाखांवर सात वर्षे व्याज आपणच भरतो.

मुलगा म्हणाला, ‘‘ते पान मी काढूनच टाकणार होतो.’’ मी विश्वास ठेवला.

मग आम्ही दोघांनी कोरा कागद घेतला. पूर्ण प्रकल्पात त्याच्या धंद्यातून करानंतर, व्याज देण्यापूर्वी, वर्षाला साधारण १ कोटी रोख उरत होते. साडेतीन कोटींचे कर्ज सात वर्षांत फेडायचे म्हणजे मुद्दल ५० लाख, पहिल्या वर्षाचे व्याज १० टक्क्यांनी ३५ लाख, एकूण ८५ लाख. गुणोत्तर १.१८. त्याच्या अहवालात २७ लाख मिळवून ते १.४९ दिसत होते. आमचे सव्वासात लाख मिळवले तरी १.२६, आणि तेही ते वेळेवर आले तर. एखादा पाऊस हुकला, शेतकऱ्याने पाइप घेणे पुढे ढकलले, राळेचा भाव चढला, की १ कोटीचे ऐंशी लाख व्हायला वेळ लागत नाही. मग ती पाच लाखांची तूट कुठून भरायची? उत्तर अहवालातच होते. पेठेतले घर.

मी त्याला विस्तार करू नको असे म्हटले नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि धंदा करणाऱ्याला भीती घालणे हे निवृत्त बँकवाल्याचे आवडते काम असते हेही मला ठाऊक आहे. मी एवढेच सांगितले की अनुदानाचा रकाना तक्त्यात ठेव, पण कोरा ठेव. अर्ज मात्र अवश्य कर आणि वेळेत कर. जमीन, कर्जमंजुरी, यंत्रांची मागणी हे टप्पे केव्हा पूर्ण झाले यावर पात्रता ठरते. यंत्रे बसल्यावर जाग येणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. प्रत्येक बिल, प्रत्येक भरणा बँकेतूनच. शासन निर्णयाची प्रत स्वतः वाच, सारांशावर जाऊ नको. जिल्हा उद्योग केंद्रात सल्लागाराला एकट्याला पाठवू नको, स्वतः जा.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला. या वेळी अहवाल पातळ होता. दोनऐवजी एकच लाइन, दुसरीसाठी शेडमध्ये जागा राखलेली. प्रकल्प २ कोटी ६० लाखांचा, कर्ज १ कोटी ८० लाख. वर्षाची रोख शिल्लक ७२ लाख, पहिल्या वर्षाची परतफेड व्याजासह ४३ लाख ७० हजार. गुणोत्तर त्याने स्वतः काढले होते : १.६५. अनुदानाच्या रकान्यात सातही वर्षे आडवी रेघ होती. पात्रतेचा अर्ज भरून झाला होता, त्याची पोच त्याने मला दाखवली. ग्रामपंचायतीत सरपंचांना भेटून आला होता. तेथे कलम १२५ कोणालाच माहीत नव्हते, तेव्हा ग्रामसेवकासाठी त्याने त्या कलमाची प्रत काढून नेली होती.

तारणाच्या यादीत कारखान्याची जमीन, शेड आणि यंत्रे होती. आजींच्या सहीसाठी जागा नव्हती.